वाचकांचे प्रश्न : घरबसल्या एम.ए., पण आधी कागद आणि कॅलेंडर

जुलैचे प्रवेश जवळ आले की या सदराकडे दूरस्थ एम.ए.बद्दलची पत्रे सुरू होतात. पर्यावरण, लिंगभाव, विकास, लोकसंस्कृती असे कुठल्याच एका विद्याशाखेत न मावणारे विषय, आणि विचारणारे बहुतेक जण नोकरी-संसार सांभाळणारे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. बऱ्याच पत्रांत इग्नूचेच (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे) नाव असल्याने तपशीलही मुख्यतः तिथलेच घेतले आहेत.

मी बी.कॉम. असून बारामतीत पतसंस्थेत नोकरी करतो. इग्नूमधून पर्यावरण विषयात एम.ए. करायचे आहे. प्रवेशासाठी ‘ओडीएल’ (मुक्त-दूरस्थ) आणि ‘ऑनलाइन’ अशी दोन वेगळी पोर्टल दिसतात. कुठून जायचे? आणि कॉमर्सवाल्याला हा विषय झेपेल का?

दोन्हींची पदवी सारख्याच मोलाची. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) सप्टेंबर २०२२मध्ये स्पष्टच केले आहे की मान्यताप्राप्त संस्थेची मुक्त-दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरायची. फरक आहे तो शिकण्याच्या पद्धतीत. ओडीएलमध्ये तुम्हाला एक अभ्यासकेंद्र मिळते, पुस्तके मिळतात, सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्रे होतात आणि असाइनमेंट हाताने लिहून केंद्रावर द्यावी लागते. ऑनलाइनमध्ये केंद्र नाही. व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चामंच आणि मूल्यमापन या चार अंगांनी सगळे पोर्टलवरच चालते. पण ‘ऑनलाइन म्हणजे केव्हाही’ असे समजू नका. नियमानुसार दर पंधरवड्याला किमान दोन तासांचा सहभाग बंधनकारक आहे आणि लॉग-इनची नोंद राहते. परीक्षाही देखरेखीखालीच होते. आपल्या अभ्यासक्रमाची परीक्षा कुठे आणि कशी होणार, हे फी भरण्याआधी माहितीपुस्तिकेत वाचा.

आमचे मत विचाराल तर, ज्याला एकट्याने बसून वाचायची सवय नाही आणि ज्याचे अभ्यासकेंद्र तासाभराच्या अंतरावर आहे त्याने ओडीएल घ्यावे. छापील पुस्तक बँकेच्या रांगेतही उघडता येते. ज्याची दर दोन वर्षांनी बदली होते त्याने ऑनलाइन घ्यावे.

कॉमर्सचा अडथळा नाही, कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. मात्र आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रमात प्रत्येकाचा कुठला ना कुठला पेपर कच्चा असतोच. तुम्हाला धोरण आणि अर्थकारण सोपे जाईल, परिसंस्था आणि प्रदूषणाचे रसायनशास्त्र जड जाईल. त्यावर उपाय फुकट आहे. इग्नूचे पाठ्यसाहित्य ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर खुले असते. सर्वांत परक्या वाटणाऱ्या पेपरचे पहिले दोन युनिट उतरवून घ्या आणि एका रविवारी बसून वाचा. शेवटी दिलेल्या स्वाध्यायातील निम्मे प्रश्न सुटले तर प्रवेश घ्या. नाही सुटले तर आधी एनसीईआरटीची अकरावीची पुस्तके दोन महिने वाचून मग जानेवारीच्या सत्रात या. प्रवेश जुलै आणि जानेवारी असे दोनदा होतात, एक सत्र चुकल्याने काही बिघडत नाही.

मी सोलापूरला माध्यमिक शाळेत शिकवते. नोकरी करून दोन वर्षांत एम.ए. होते, असे सगळे म्हणतात. रोज किती वेळ द्यावा लागेल?

सगळे म्हणतात त्यांना हिशेब मांडायला सांगा. इग्नूत एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास, त्यात वाचन, संपर्कसत्र, असाइनमेंट सगळे आले. ८० क्रेडिटचे एम.ए. म्हणजे २४०० तास. दोन वर्षांचे १०४ आठवडे धरले तर आठवड्याला २३ तास होतात. शाळेच्या नोकरीबरोबर हे जमणारी माणसे असतात, पण दहावीचे पेपर तपासण्याच्या दिवसांत ती फार दिसत नाहीत.

एम.ए.ची कमाल मुदत चार वर्षे आहे. चार वर्षांत पसरले तर आठवड्याला साडेअकरा तास पडतात. सोमवार ते शुक्रवार सव्वा तास, शनिवारी दोन तास, रविवारी साडेतीन: पावणेबारा झाले. जमल्यास आठवड्याला साडेपंधरा तास काढून तीन वर्षांचे लक्ष्य ठेवा आणि चौथे वर्ष आजारपण, लग्नकार्य, निवडणुकीची ड्युटी यांच्यासाठी राखून ठेवा.

चार क्रेडिटच्या एका पेपरला १२० तास. एका वेळी दोनच पेपर उघडा, एक आवडीचा, एक अवघड. पाचही पुस्तके एकदम सुरू केली की डिसेंबरपर्यंत पाचांचेही पहिलेच ब्लॉक वाचून झालेले असतात.

आता जे खरोखर चुकते ते. पहिले, दुसऱ्या वर्षाची फेरनोंदणी. पहिल्या वर्षाचे पेपर सुटोत वा न सुटोत, ती मुदतीत वेगळी करावीच लागते. ‘आधी निकाल लागू दे’ म्हणून थांबलात की एक सत्र गेले. दुसरे, परीक्षेचा अर्ज. प्रवेशाची फी भरली म्हणजे परीक्षेला नाव गेले असे होत नाही. सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात, त्यांचा अर्ज काही महिने आधी भरायचा आणि प्रत्येक पेपरची फी वेगळी. शाळेत शिकवणाऱ्यांकडून हे सर्रास राहते, कारण शाळेत मुलांचे अर्ज कारकून भरतात.

लग्नानंतर माझे आडनाव बदलले. गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. डीईबी (यूजीसीचा दूरस्थ शिक्षण विभाग) आयडी काढताना अडले आहे. (चिपळूण)

महाराष्ट्रात हा घोळ दुहेरी असतो. लग्नाने नाव बदलते ते एक, आणि आपल्याकडच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, शेवटी आईचे, असा क्रम असतो. आधारवर क्रम उलटा. यंत्राला ही दोन माणसे वाटतात.

२०२४च्या सत्रापासून भारतातल्या दूरस्थ आणि ऑनलाइन विद्यार्थ्यांना डीईबी आयडी सक्तीचा झाला आहे. त्याचा क्रम असा. आधी डिजिलॉकरमध्ये आधारने खाते, तिथून अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (मिळवलेल्या क्रेडिटची नोंद ठेवणारे सरकारी खाते) १२ अंकी क्रमांक, मग यूजीसीच्या डीईबी पोर्टलवर तो क्रमांक टाकून डीईबी आयडी, आणि तो घेऊन विद्यापीठाचा अर्ज. म्हणजे आधारवर जे नाव आहे तेच साखळीत शेवटपर्यंत जाते. म्हणून अर्ज भरायच्या आधी ठरवा की पदवीवर कोणते नाव हवे.

माहेरचे नाव हवे असेल तर आधी आधार बदलून घ्या, मग साखळी सुरू करा. सासरचे हवे असेल तर आधार आहे तसे ठेवा आणि जुनी गुणपत्रिका व नवे नाव यांना जोडणारा पुरावा तयार ठेवा: विवाह नोंदणी प्रमाणपत्र, किंवा नाव बदलल्याचे महाराष्ट्र शासन राजपत्र. वकिलाकडून केलेले नुसते प्रतिज्ञापत्र काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी परत येते. राजपत्र कुठेही चालते, आणि पुढे पासपोर्टलाही उपयोगी पडते.

जाता जाता, फोटो आणि सही प्रत्येकी १०० केबीच्या आत, कागदपत्रे २०० केबीच्या आत ठेवावी लागतात. मोबाइलने काढलेला गुणपत्रिकेचा फोटो तीन-चार एमबीचा असतो. तो चिरडून २०० केबीत बसवला की गुण वाचता येत नाहीत आणि अर्ज त्रुटीत जातो. स्कॅनरवर ग्रेस्केलमध्ये काढा, आपोआप लहान होतो.

एम.एस्सी. नियमित सुरू आहे. बरोबरीने दूरस्थ एम.ए. चालेल? (जळगाव)

चालेल. एप्रिल २०२२पासून एक पदवी प्रत्यक्ष वर्गात आणि दुसरी दूरस्थ किंवा ऑनलाइन अशा दोन पदव्या एकाच वेळी करता येतात. परीक्षांच्या तारखा एकमेकींवर आल्या तर मात्र कोणीही त्या बदलून देणार नाही.

असाइनमेंटला नेहमी शंभरात पंचावन्नच्या आसपास गुण मिळतात. सगळे मुद्दे पुस्तकातलेच लिहितो. काय चुकते? (भुसावळ)

सगळे मुद्दे पुस्तकातलेच लिहिता, हेच. पण आधी या गुणांचे वजन पाहू. असाइनमेंट ३० टक्के, सत्रांत परीक्षा ७० टक्के, आणि दोन्हींत स्वतंत्रपणे किमान ४० टक्के लागतात. परीक्षेत ४८ मिळवणाऱ्याला असाइनमेंटमध्ये ६० असतील तर १८ आणि ३३.६ मिळून ५१.६ होतात. तेच असाइनमेंटमध्ये ७२ असतील तर २१.६ आणि ३३.६ मिळून ५५.२. मधे ५५ची रेघ आहे, जिच्यावाचून पुढे नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) आणि पीएच.डी.ची दारे खुल्या प्रवर्गाला बंद असतात. तेवढ्यासाठी परीक्षेत पाच गुण वाढवण्यापेक्षा असाइनमेंटमध्ये बारा वाढवणे पुष्कळ सोपे.

आता उत्तर कसे बांधायचे ते एकाच प्रश्नावर पाहू. समजा प्रश्न असा आहे: भूजलाच्या अतिउपशाची कारणे आणि उपाय उदाहरणासह लिहा, ५०० शब्द. सरधोपट उत्तर म्हणजे लोकसंख्या, शेती, उद्योग, जनजागृती असे आठ मुद्दे. परीक्षकाने ते दिवसभरात चाळीस वह्यांत वाचलेले असते.

त्याऐवजी एक विहीर घ्या आणि तिच्याकडे चार बाजूंनी पाहा. पहिली बाजू भूशास्त्राची: महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टचा आहे, त्यात पाणी साठते ते झिजलेल्या थरात आणि भेगांत, म्हणून साठा मुळातच तुटपुंजा आणि खोल बोअर मारली की पाणी मिळेलच असे नाही. दुसरी अर्थशास्त्राची: शेतीपंपाचे बिल मीटरवर नसून अश्वशक्तीवर असेल, किंवा २०२४पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंत आहे तसे माफ असेल, तर पंप आणखी एक तास चालवण्याचा खर्च शेतकऱ्याला शून्य पडतो. तिसरी कायद्याची: १८८२च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमिनीच्या मालकाचाच तिच्याखालच्या पाण्यावर हक्क धरला गेला, त्याला आवर घालायला महाराष्ट्राने २००९चा भूजल अधिनियम केला. चौथी समाजाची: विहीर ज्याची आहे तो वाचवलेले पाणी शेजाऱ्याची बोअर ओढून नेईल या भीतीने उपसतो. इथे हिवरे बाजारचे उदाहरण बसते. तिथे ग्रामसभेने शेतीसाठी बोअरवेल बंद केल्या आणि पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला, म्हणजे भीतीचे कारणच काढून टाकले.

६० शब्दांत प्रश्नाची मांडणी, चार बाजूंना प्रत्येकी ८५, उरलेले १०० शब्द उपायांना. या चार बाजू एकाखाली एक ठेवायच्या नाहीत. खडकात पाणी कमी, तरी उपसा का होतो? वीज फुकट म्हणून. वीज फुकट असली तरी कायदा काय करतो? असे प्रत्येक उत्तर पुढच्या प्रश्नाला जन्म देते तेव्हा ते आंतरविद्याशाखीय होते, नाहीतर ती नुसती मिसळ.

बाकीची पथ्ये किरकोळ, पण गुण खातात. प्रश्नपत्रिका आपल्याच सत्राची आहे का पाहा, दरवर्षी ती बदलते आणि मागच्या वर्षीची सोडवून दिली तर ती धरली जात नाही. प्रत्येक पेपरची असाइनमेंट वेगळी शिवा. पहिल्या पानावर नोंदणी क्रमांक, पेपरचा कोड, अभ्यासकेंद्राचा कोड. देण्यापूर्वी प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि पोच घ्या. गुण गुणपत्रकावर चढले नाहीत तर ती पोच हाच तुमचा एकमेव साक्षीदार. आणि तयार उत्तरे विकत मिळतात ती घेऊ नका. नीतीचा मुद्दा आहेच, शिवाय तीच उत्तरे त्याच केंद्रावर आणखी दहा जणांनी दिलेली असतात.

माझे शिक्षण मराठीतून झाले. इंग्रजी पुस्तके वाचताना एक पान अर्धा तास घेते. (गडहिंग्लज)

पहिल्या ब्लॉकला घेऊ द्या. प्रत्येक पेपरची एक वही करा, तीन रकाने: इंग्रजी संज्ञा, मराठी पर्याय, स्वतःच्या शब्दांत एक ओळ. मराठी पर्यायासाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश हाताशी ठेवा. एका पेपरमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या संज्ञा शंभर-सव्वाशेच्या वर नसतात. त्या बसल्या की वाचनाचा वेग स्वतःहून वाढतो. संपूर्ण मराठीतूनच शिकायचे असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची यादी पाहा. १९८९पासून ते हेच काम करत आले आहे.

लिंगभाव विषयात दूरस्थ एम.ए. करून मला पुढे महाविद्यालयात शिकवता येईल का? (पणजी)

पदवी दूरस्थ आहे म्हणून कोणी अडवणार नाही. अडेल ते विषयाच्या नावावर. सहायक प्राध्यापकपदासाठी संबंधित विषयातली पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट (तीच परीक्षा राज्यपातळीवरची) किंवा पीएच.डी. पाहतात. नेटच्या यादीत ‘महिला अभ्यास’ हा विषय आहे, त्यामुळे परीक्षेला बसायला तुम्हाला जागा आहे. पण गोव्यात किंवा महाराष्ट्रात त्या नावाचा स्वतंत्र विभाग असलेली महाविद्यालये मोजकी. समाजशास्त्राच्या जागेसाठी अर्ज केलात तर तुमची पदवी त्या विषयाशी ‘संबंधित’ आहे की नाही, हे छाननी समिती ठरवते, आणि ती नेहमी उदार असतेच असे नाही. शिकवण्याचेच ध्येय असेल तर समाजशास्त्रात एम.ए. करून लिंगभाव हे विशेष क्षेत्र ठेवणे जास्त सुरक्षित. स्वयंसेवी संस्था, पत्रकारिता, कंपनीतले सामाजिक काम यांसाठी मात्र लिंगभावाची थेट पदवी सरस.

पर्यावरणवाल्यांनाही हेच. नेटमध्ये ‘पर्यावरण विज्ञान’ आहे आणि त्याच्या अभ्यासक्रमात पर्यावरण रसायन, जीवशास्त्र, भूविज्ञान अशी पूर्ण प्रकरणे आहेत. एम.ए.ची पुस्तके त्याला पुरत नाहीत. खुल्या प्रवर्गाला ५५ टक्के, राखीव प्रवर्गांना आणि दिव्यांगांना ५० टक्के लागतात आणि ५४.९चे ५५ धरले जात नाहीत.

ऑनलाइन एम.ए. मानसशास्त्र चालेल का? (ठाणे)

नव्या प्रवेशासाठी नाही. जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्रासह आरोग्याशी निगडित विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीतून काढले आहेत. कोणी अजून जाहिरात करत असेल तर पैसे देऊ नका.

दादरच्या एका सल्ला केंद्रात ‘एका वर्षात एम.ए., परीक्षेची काळजी नको’ असे सांगितले. विद्यापीठाचे नाव खरे आहे.

नाव खरे असेल, सौदा खोटा आहे. दूरस्थ अभ्यासक्रम फ्रँचायझीमार्फत चालवायला परवानगीच नाही. यूजीसीच्या डीईबी पोर्टलवर तीन गोष्टी पडताळा: विद्यापीठ, नेमका अभ्यासक्रम, नेमके सत्र. तिन्ही एकाच ओळीत सापडले तरच विद्यापीठाच्या स्वतःच्या पोर्टलवर, स्वतःच्या हाताने फी भरा. राज्याबाहेरच्या राज्य विद्यापीठाचा दूरस्थ अभ्यासक्रम महाराष्ट्रात कोणी विकत असेल तर जास्तच सावध व्हा. दूरस्थ पद्धतीला कार्यक्षेत्राची हद्द असते, ऑनलाइनला नसते.

मी लेस्टरला परिचारिका आहे. इथल्या ओपन युनिव्हर्सिटीचे अनेक विषय एकत्र घेता येणारे ‘ओपन’ मास्टर्स करू की भारतातून एम.ए.?

क्रेडिटच्या आकड्यांना फसू नका. ब्रिटनचे १८० क्रेडिट भारताच्या ८०च्या दुपटीहून जास्त दिसतात, पण तिथे एक क्रेडिट १० तासांचे, म्हणजे १८०० तास. आपल्याकडचे २४००. प्रश्न तुम्ही पुढे कुठे राहणार हा आहे. परतून भारतात नोकरी किंवा पीएच.डी. करायची असेल तर परदेशी पदवीला समकक्षता लागते, आणि यूजीसीच्या २०२५च्या नियमांत शिक्षण प्रत्यक्ष वर्गात झालेले असावे अशी अट आहे; ओपन युनिव्हर्सिटीचे शिक्षण तर दूरस्थच. ब्रिटनमध्येच राहणार असाल तर तिथलीच घ्या, तुमचे वरिष्ठ ती ओळखतात.

प्रकल्पासाठी ‘हवामान बदल आणि ग्रामीण महिला’ हा विषय निवडला आहे. प्रस्ताव परत आला. (परभणी)

हा विषय नव्हे, हा एका संशोधन संस्थेचा दहा वर्षांचा कार्यक्रम आहे. आंतरविद्याशाखीय प्रकल्प बहुधा याच कारणाने परत येतात: दोन मोठे शब्द मधे ‘आणि’ घालून जोडलेले. गाव एक ठरवा, महिना ठरवा, मोजायची गोष्ट ठरवा. उदाहरणार्थ, तुमच्या तालुक्यातल्या एका गावात मार्च ते मे या तीन महिन्यांत तीस घरांतल्या बायकांचा पाणी आणण्यात रोज किती वेळ जातो, आणि त्यामुळे मजुरीचे किती दिवस बुडतात. यात पर्यावरण आहे, अर्थकारण आहे, लिंगभाव आहे, आणि हे एका माणसाला घड्याळ आणि वही घेऊन मोजता येते.

प्रस्तावाबरोबर मार्गदर्शकाचे संमतिपत्र आणि सहीचा बायोडेटा जातो. मार्गदर्शकाची पात्रता पुस्तिकेत दिलेली असते. ओळखीचे प्राध्यापक चांगले असूनही त्या अटीत बसले नाहीत तर प्रस्ताव पुन्हा परत येईल, म्हणून विषयावर बोलण्याआधी त्यांना ती अट दाखवा. मंजुरीचे पत्र हातात येईपर्यंत मोजणी सुरू करू नका, कारण मंजुरी देताना प्रश्नावलीत बदल सुचवले जातात आणि मग तीस घरी पुन्हा जावे लागते. मात्र पत्राची वाट पाहता पाहता मार्च निघून जातो. तेव्हा प्रस्ताव दिवाळीच्या आत पाठवा.